धाकूचं जाज

ध चा मा पुण्यात झाला, हे शाळेतलं पोरही सांगेल. झ चा ज मिरकरवाड्यात झाला, हे मात्र रत्नागिरीबाहेर कुणाला ठाऊक नाही. त्या एका ज पायी धाकूला बायको मिळाली, आणि त्याच ज पायी ती हातची जायची वेळ आली.

धाकूला लहानपणापासून एक खोड होती. शिमग्यात देवाची पालखी नाचायला लागली की ढोलावर टिपरू कुठे पडणार हे सगळ्या गावाला पाठ असतं. धाकूचं टिपरू तिथे पडतच नसे. ते पडे जरा आधी नाहीतर जरा नंतर, मधल्या रिकाम्या जागेत. पालखी खांद्यावर घेतलेल्या माणसांचे पाय अडखळत आणि देव एका अंगाला कलत. चौदाव्या वर्षी मानकऱ्यांनी त्याला एक नारळ दंड केला, पंधराव्या वर्षी दोन, आणि सोळाव्या वर्षी ढोलाच्या जवळपास फिरकायचं नाही अशी ताकीद दिली. "पोराचा हात वाकडा हाय," असा निवाडा झाला. त्याची आई चिमा मासे विकून घर चालवणारी, बाजारात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. ती मानकऱ्यांच्या पुढ्यात म्हणाली, "हात सरळ हाय माझ्या पोराचा. तुमचेच पाय वाकडे." त्याबद्दल तिला आणखी एक नारळ पडला.

पुढे धाकू मुंबईला गेला तो गिरणीत. तिथे मागांचा खडखडाट दिवसभर एकाच जागी पडणारा. दीड महिन्यात त्याचं डोकं उठलं आणि तो पळाला. फिरत फिरत अपोलो बंदराच्या बाजूच्या एका मोठ्या हॉटेलात लागला. काम काय, तर साहेबलोकांचं खाऊन झालं की प्लेटी उचलायच्या. पांढरा डगला, पांढरी टोपी, आणि तोंडाने एक अक्षर काढायचं नाही. हे तिसरं कलम धाकूला सगळ्यात जड गेलं.

पस्तीस सालच्या थंडीत त्या हॉटेलात अमेरिकेहून सात काळे वादक आले. पहिल्या दिवशी त्यांनी वाजवायला सुरुवात केली तेव्हा धाकू हातात सहा प्लेटी घेऊन दिवाणखान्याच्या मधोमध उभा होता, आणि तो उभाच राहिला. एक माणूस चार ढोल एकटा वाजवत होता, हातांनी आणि पायांनीही. एकाकडे पितळेची वाकडी नळी होती, हुक्क्यासारखी. आणि तो कर्णेवाला! कर्ण्याच्या तोंडावर तो आपली टोपी धरी आणि मग कर्णा बाईसारखा रुसे, पोरासारखा किरकिरे, मधेच कुणाची तरी नक्कल करून दाखवी. पण धाकूला वेड लागलं ते निराळ्याच गोष्टीने. ही माणसं ठोका मारत होती तो बरोबर मधल्या जागेत. ज्या चुकीला मिरकरवाड्यात नारळ दंड, त्याच चुकीला इथे साहेब उठून टाळ्या देत होते.

"काय रे हे?" त्याने आत जाऊन कायतानला विचारलं. कायतान गोव्याचा. हॉटेलच्या स्वतःच्या बँडात कर्णा वाजवायचा आणि अमेरिकेचे लोक वाजवत असले की स्वयंपाकघराच्या दारामागे उभा राहून त्यांच्या बोटांवर नजर ठेवायचा.

"हे जाझ, पात्रांव," कायतान म्हणाला. पात्रांव म्हणजे मालक, तो सगळ्यांनाच तसं म्हणे.

त्या दिवसापासून धाकू वाजंत्र्यांच्या पुढ्यातल्या टेबलाचा मालक झाला. सहा चमचे उचलायला त्याला वीस मिनिटं लागू लागली. लोकांचं जेवण संपण्याआधी तो प्लेट ओढी आणि संपल्यावर तासभर ठेवून देई, सगळं गाण्याच्या सोयीने. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे फोनोग्राफ होता, त्यावर याच जातीच्या तबकड्या वाजत. धाकू एकदा ऐकून आला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "तबकडी म्हणजे खारवलेला बांगडा. आज खा, सहा महिन्यांनी खा, चव तीच. ही माणसं म्हणजे जाळ्यात उडणारा. काल वाजवलं ते आज नाय, आज वाजवतील ते उद्या नाय. गाठलं तर गाठलं, नायतर गेलं." मुंबईत त्या वर्षी या संगीताबद्दल पुष्कळ विद्वान बोलले असतील. धाकूच्या पुढे कुणी गेला असेल असं वाटत नाही.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता हॉटेलात चहाचा नाच असे. अशाच एका शनिवारी धाकूचा हात सुटला. कर्णेवाल्याने एक तान टाकली आणि श्वास घ्यायला थांबला, तेवढ्यात धाकूने ट्रेवर चमच्याने टक-टटक केलं. सगळा दिवाणखाना वळला. हॉटेलचा मुख्य बटलर लालबुंद झाला. कर्णेवाल्याने मात्र मान कलती करून धाकूकडे पाहिलं, हसला, आणि तेच टक-टटक कर्ण्यातून परत दिलं. एवढंच. धाकूला आठ दिवस मोरीत भांडी घासायची शिक्षा झाली. पण अमेरिकेच्या माणसाने आपल्याशी बोलणं केलं, आणि तेही आपल्या बोलीत, हे तो मरेपर्यंत विसरणार नव्हता. कायतान तर नंतर सांगायचा, "धाकू ऐकत असला की मी वेगळो वाजवतां. बाकीचे खायला येतात. ऐकायला एकटो धाकू येतो."

या आनंदात धाकूने आईला पत्र लिहिलं. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, कानाला आलं तसं लिहिलं: 'मी हल्ली रोज जाजवर असतो. जाज अमेरिकेचं आहे. असलं जाज तू जन्मात बघितलं नसशील.'

आता मिरकरवाड्यात जहाजाला कुणी जहाज म्हणत नाही. मधला ह गिळून 'जाज' म्हणतात. पोस्टमनने पत्र वाचून दाखवलं आणि चिमाने मासळीची पाटी तशीच टाकून अख्खा वाडा पालथा घातला: माझा धाकू जाजावर लागला! अमेरिकेच्या!

ही बातमी तरीत बसून खाडीपलीकडे भाट्याला गेली आणि गंगाराम तांडेलाच्या अंगणात उतरली. तांडेल म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. गंगारामने चाळीस वर्षं दर्यावर काढली होती. थोरला मुलगा शिवा एका जाजावरून मलबाराकडे गेला तो परत आला नाही, ते जाजही आलं नाही. दुसरा कुणी असता तर त्याने समुद्राकडे पाठ केली असती. गंगाराम उलट हट्टाला पेटला. मुलगी मालन लग्नाची झाली होती. तिला देईन तर जाजावरच्यालाच, घरात दर्याची गोष्ट करणारा एक तरी पुरुष पाहिजे, असं तो चारचौघांत बोलून बसला होता.

छत्तीसच्या शिमग्याला धाकू घरी आला तेव्हा चिमाने त्याला नवा सदरा घालून थेट भाट्यात नेऊन बसवलं. कशासाठी ते सांगितलंच नाही. तांडेलाने पान पुढे केलं आणि सरळ विचारायला लागला.

"जाजावर माणसं किती?"

"सात," धाकू म्हणाला. वाजवणारे सातच होते.

"सातच? ल्हान दिसतंय."

"सात हायत, पण आवाज सत्तरांचा करतात."

"इंजिनाचा असंल," तांडेल समजुतीने म्हणाला. "माल काय असतो?"

"पितळ जास्ती. थोडं चामडं."

"तू काय करतंस त्येच्यावर?"

"मी पुढ्यातच असतो मामा. उचलायचं, ठेवायचं."

"खलाशीच तर! आमीबी तसंच सुरू केलं. सुटतं कधी?"

"आठच्या ठोक्याला सुटतं. एकदा सुटलं की कुणाला आवरत नाय."

"डोलतं काय?"

इथे धाकूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण कशाबद्दल बोलतोय आणि समोरचा म्हातारा कशाबद्दल, हे त्याला कळलं. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर दाराच्या फटीकडे गेली. तिथे दोन डोळे होते, आणि ते पाणी येईस्तोवर हसत होते. धाकूने तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं.

"डोलतं म्हणजे? मामा, साहेबलोकांना पाय ठरवता येत नायत. बाया साहेबांना धरून उभ्या असतात."

"दर्या खवळलेला असंल," तांडेल म्हणाला आणि खूश होऊन त्याने चिमाच्या हातात नारळ ठेवला.

वैशाखात लग्न झालं. धाकूने सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं, त्यामुळे त्याला खोटारडा म्हणता येत नाही. पण त्याला सज्जन म्हणायचं धाडसही कुणी करू नये. मालनला तो सगळं कबूल करायला गेला तर ती म्हणाली, "मला शिकवू नका. तांडेलाची पोर मी. सात मानसांचं अमेरिकेचं जाज असतं काय?" मग तिने त्याला सगळं तपशिलात सांगायला लावलं, आणि तो पाट्यावर वरवंटा आपटून ठोके दाखवू लागला तेव्हा चिमाला वाटलं की सून आल्यापासून घरात वाटण फार लागतं.

सुट्टी संपून धाकू मुंबईला परतला, तरी वर्ष सुखात गेलं. मालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगी झाली, सव्वा महिना उलटला. आता तिला घरी आणायची, एवढ्यात धाकूच्या शेजारचा बाबू मुंबईहून आला. उचलली जीभ लावली टाळ्याला अशातला तो. त्याने भाट्यात भर अंगणात सांगितलं, "तांडेल, तुमचा जावई हाटेलात उष्ट्या प्लेटी उचलतो. जाज कसलं न् काय कसलं."

गंगाराम तांडेल त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी धाकूला मुंबईत कार्ड गेलं. त्यात एकच ओळ होती: 'शिमग्याच्या आत तुझं जाज रत्नागिरी बंदरात आणून दाखव, नाहीतर मालन व नात इथेच राहतील.'

धाकूने ते कार्ड दहा वेळा वाचलं. गडी नेहमीचा हसरा, पण त्या दिवशी त्याच्या हातून चार बशा फुटल्या. मुलीचं तोंडही त्याने अजून पाहिलं नव्हतं. अमेरिकेचे वादक केव्हाच परत गेले होते. त्याने कार्ड कायतानला वाचून दाखवलं आणि ज ची सगळी कथा सांगितली. कायतान इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाला, "आम्ही चौघे ईस्टरला घरी जातों. आगबोट रत्नागिरीला तासभर उभी असते मरे? मग झालं तर. तुझ्या सासऱ्याला जाझ पाहिजे ना? देऊया."

"उपासाचे दिवस तुमचे. पाद्रीबाबा काय म्हणतील?"

"पाद्री गोव्यात," कायतान म्हणाला. "पाप रत्नागिरीत."

धाकूने आईला तार केली: 'बुधवारी जाज येते.' तार गुपचूप ठेवणारी बाई चिमा नव्हे. बुधवारी दुपारी चार वाजता बंदरावर जत्रा भरली. कोळणी पाट्या घेऊन आल्या, मानकरी आले, बाबू तर सगळ्यांच्या आधी येऊन पुढची जागा धरून बसला. गंगाराम तांडेल काळा कोट घालून वाळूत उभा होता. त्याने पितळी दुर्बीण डोळ्याला लावली होती. त्याच्या मागे मालन उभी होती, कडेवर मूल, तोंड अगदी गरीब.

रत्नागिरीला आगबोट लांबवर नांगरते आणि उतारू पडावाने किनाऱ्याला आणतात. आगबोट आली, तीच रोजची. तांडेलाने दुर्बीण डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. दुसरं काहीच नव्हतं. आगबोटीपासून एक पडाव सुटला, त्यात चार खलाशी वल्ह्यांवर, धाकू, आणि कोट-टाय घातलेले चार गोंयकार.

"जाज खंय?" तांडेल दुर्बीण न काढता ओरडला.

धाकू पडावात उभा राहिला. "ह्याच, मामा!" त्याने कायतानच्या कर्ण्याकडे बोट केलं. "ह्येला जाज म्हणतात. मी ह्याच जाजावर असतो."

पहिला बाबू हसला, आणि त्याच्यामागून सगळं बंदर. तांडेलाने दुर्बीण खाली केली. त्याचा चेहरा बघून चिमानेसुद्धा तोंडाला पदर लावला. आता एकच काम उरलं होतं आणि ते कायतानने केलं. त्याने कर्णा वर उचलला.

एकाने वाकड्या नळीत फुंकर घातली, एकाने बँजो छेडला, आणि चौथ्याने मांडीतल्या लहान ढोलावर आणि पडावाच्या फळीवर मिळून असा ठेका धरला की कोळणींच्या पाट्या डोक्यावरच्या डोक्यावर हलू लागल्या. पण खरी गंमत पडावातच झाली. खलाशांचे हात म्हणजे जन्माचे ठोक्यावर पडणारे. दोघांची वल्ही ठोक्यावर पडली, दोघांची मधल्या जागेत. पडाव किनाऱ्याकडे यायच्या ऐवजी गिरकी घेऊ लागला. एक फेरा झाला, दुसरा झाला. कायतानने डोळे मिटलेले, त्याला पत्ता नाही. तिसऱ्या फेऱ्याला पाणी आत आलं.

गंगाराम तांडेलाला जावई खोटारडा चालला असता एक वेळ. पण डोळ्यांदेखत नाव अशी वेडीवाकडी फिरलेली बघणं त्याच्या रक्ताला सोसेना. "अरे गाढवांनो!" म्हणत तो कोटासकट पाण्यात शिरला. कमरेइतक्या पाण्यातून त्याने पडाव गाठला, कठड्याला धरून आत चढला, धाकूला बाजूला ढकललं आणि सुकाणू हातात घेतलं.

"कर्न्याकडं कान द्या!" तो खलाशांवर ओरडला. "त्यो थांबतो तितं मारा! त्येच्यावर नको, मधी! मधी मारा, मेल्यांनो!"

वल्ही मधल्या जागेत पडली. पडाव सरळ झाला. धाकू तोंड उघडं टाकून सासऱ्याकडे बघत राहिला. जे कळायला हॉटेलातल्या बटलरला जन्म पुरला नसता ते म्हाताऱ्याला चौथ्या फेऱ्याच्या आत कळलं होतं.

तेवढ्यात आगबोटीचा भोंगा झाला. गोंयकारांना परत पोचवायला हवं होतं. तांडेलाने पडाव वळवला, पण किनाऱ्याच्या कडेने, एवढा लांब वळसा घालून की बंदरावरच्या एकेका माणसाला पोटभर ऐकू यावं. आणि खलाशी जोर करू लागले की तो दटावी, "सावकाश. संपूं दे त्येंचं."

पडाव रिकामा होऊन परत आला तेव्हा गर्दी पांगली होती. बाबू कुठेच दिसेना. चिमा आणि मालन तेवढ्या वाळूत उभ्या होत्या. तांडेल खाली उतरला, ओला कोट पिळला आणि धाकूकडे न बघता मुलीला म्हणाला, "तुला ठावूक व्हतं?"

"सात मानसं म्हनाले तवाच."

"आनि बोललीस नाय? बापसाला हसू दिलंस लोकान्ला?"

मालनचा तो गरीब चेहरा आता कुठल्या कुठे गेला. ती बापासमोर कधी मोठ्याने बोलली नव्हती. आताही मोठ्याने बोलली नाही.

"शिवादादा गेला त्येला आठ वर्सं झाली. आय अजून सांजची पुळनीवर येऊन उभी ऱ्हाते. मला तसं उभं ऱ्हायचं नव्हतं, बाबा. हाटेल बुडत नाय."

धाकूला वाटलं होतं की ही पोर त्या दिवशी दाराआडून आपल्या फजितीला हसली. ते सुटकेचं हसू होतं, हे त्याला आज कळलं. तांडेलाच्या कोटातून अजून पाणी ठिबकत होतं. मग त्याने नातीला मालनच्या कडेवरून उचललं आणि आणून धाकूच्या हातात दिलं. धाकूने ती कशी धरावी ते कळेना म्हणून दोन्ही हातांवर ट्रेसारखी धरली.

"नीट धर," तांडेल म्हणाला. "प्लेट नाय ती."

चौघं मिरकरवाड्याच्या वाटेला लागली, तांडेल पुढे. दहा पावलं गेल्यावर तो थांबला आणि मागे न वळता म्हणाला, "जावयबापू, तुमच्या त्या हाटेलात मला आत सोडतील काय?"

"फुडच्या दारानं नाय, मामा. मागच्या दारानं सोडीन."

"ऐकायला येतं मागं?"

"मागंच बरं येतं."

"मग दिवाळीनंतर येतंय," तांडेल म्हणाला आणि चालू लागला.